‘थोडं अवघड आहे’: इंटरव्ह्यूतल्या एका उत्तराची पूर्ण केस

वेगळ्या संस्कृतीतल्या सहकाऱ्याबरोबर गैरसमज झाला असा प्रसंग सांगा, या इंटरव्ह्यूतल्या प्रश्नाच्या उत्तराची ही केस. नावं, कंपन्या, प्रॉडक्ट सगळं काढून टाकलंय, आणि ज्याची ही केस आहे त्याला वाचायला देऊन मगच टाकतेय. दोन ठिकाणी तो म्हणाला, “ताई, एवढं पण खरं लिहू नका.” त्यातलं एक काढलं, एक ठेवलंय.

## पार्श्वभूमी

तो माझ्या जुन्या टीममधला. मी तेव्हा लीड होते आणि तो नवीन लागलेला टेस्टर, त्यामुळे नंतर नोकऱ्या बदलल्या, टीम पांगली तरी अजून ताईच म्हणतो आणि कुठे अडलं की फोन येतो. गेली चार वर्षं तो रिलीज (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती) कोऑर्डिनेटर होता. म्हणजे स्वतः कोड लिहायचा नाही, टेस्टिंगही करायचं नाही, पण कोणाचं काम कधी संपणार आणि ते पुढच्याच्या हातात कधी पडणार ही सगळी डोकेदुखी याची. टेस्टिंगची टीम जपानमध्ये, क्लायंट जर्मनीत आणि हा मधे. टोकियो आणि बर्लिनच्या घड्याळात हिवाळ्यात ८ तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात ७, कारण जर्मनीत मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि जपानमध्ये हा प्रकारच नाही. तर दर वर्षी त्या आठवड्यात एक तरी कॉल गंडायचाच, कोणीतरी तासभर रिकाम्या मीटिंगमध्ये बसलेलं असायचं.

असल्या खेचाखेचीत चार वर्षं काढलेला माणूस. या विषयावर बोलायला त्याच्याकडे मटेरियल कमी नव्हतं, उलट जरा जास्तच होतं.

नोकरी बदलायची ठरली आणि ज्या पोझिशनला अर्ज केला तिथे पाच देशांतल्या टीम्सबरोबर काम होतं. म्हणजे हा प्रश्न येणार हे जाहिरातीतच लिहिलेलं होतं म्हणा ना.

## पहिल्या इंटरव्ह्यूत काय झालं

प्रश्न साधा होता. वेगळ्या संस्कृतीतल्या सहकाऱ्याबरोबर काम करताना गैरसमज झाला असा एखादा प्रसंग सांगा. इंटरव्ह्यू इंग्रजीत झाला, मी इथे मराठीत लिहितेय. त्याचं उत्तर त्याने फोनवर मला ऐकवलं ते असं:

“मी सगळ्या संस्कृतींचा आदर करतो. मला कधी प्रॉब्लेम आला नाही. जपानी लोक वेळेचे पक्के असतात आणि थेट नाही म्हणत नाहीत, जर्मन लोक स्पष्ट बोलतात, तर मी समोरचा माणूस बघून त्याप्रमाणे बोलतो. कम्युनिकेशन इज द की.”

शेवटचं वाक्य तो खरंच बोलला होता. (हेच ते, जे ठेवलंय.)

पॅनलवरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, “थेट नाही म्हणत नाहीत, हे तुम्हाला कधी कळलं?”

झालं. डोकं कोरं. चार वर्षं, शेकडो कॉल, आणि सांगायला एक प्रसंग नाही. “असं जनरली असतंच ना” असं काहीतरी पुटपुटला. पुढचे प्रश्न त्यामानाने बरे गेले पण आवाज बसला तो बसलाच. आठवड्याने दोन ओळींचा मेल आला की दुसऱ्या उमेदवाराला घेतलंय, तुमची उदाहरणं अजून ठोस असायला हवी होती.

## नेमकी अडचण काय होती

त्याचं म्हणणं, “ऐन वेळी उदाहरण आठवलं नाही, बाकी काही नाही.” मला ते तेव्हाच पटलं नव्हतं, पण का पटलं नाही हे मला स्वतःलाही नंतर कळलं, ते पुढे येईलच.

उत्तराचंच बघा. कधी प्रॉब्लेम आला नाही असं कोणी म्हटलं की पॅनलला दोनच गोष्टी सुचतात, एकतर या माणसाने असं काम फारसं केलेलं नाही किंवा प्रॉब्लेम झाले आणि याच्या लक्षातच आले नाहीत, आणि दुसरं जास्त महागात पडतं. मग ते जपानी लोक असे, जर्मन लोक तसे. पॅनलवर त्याच देशाचं कोणी बसलेलं असू शकतं हे सोडूनच द्या, पण असं बोलणारा माणूस समोरचा तोंड उघडायच्या आधीच त्याला एका खणात टाकून मोकळा झालेला असतो. आणि आदर करतो, हे तर सगळेच म्हणतात. अनादर करतो असं सांगणारा उमेदवार मी अजून पाहिलेला नाही.

मी स्वतः बरीच वर्षं पॅनलवर बसलेय. आमच्याकडे सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचो आणि प्रत्येक पॅनलिस्टच्या हातात १ ते ५ मार्कांचं शीट. त्या शीटवर ‘देशांची माहिती’ अशी ओळ कधीच नव्हती. ओळी असायच्या त्या अशा, की गैरसमज झालाय हे याला कसं कळलं, कळल्यावर याने स्वतःचं काय बदललं आणि त्या बदलाने काही फरक पडला का. प्रश्नात संस्कृती हा शब्द असतो म्हणून लोक संस्कृतीवर बोलत सुटतात, आणि पॅनलला हवं असतं की तुम्ही चुकलात तेव्हा तुम्हाला पत्ता कसा लागला ते.

## कुठले पर्याय होते

दुसरा इंटरव्ह्यू तीन आठवड्यांवर होता, दुसऱ्या कंपनीत, काम जवळपास तसंच.

पहिला पर्याय त्यानेच आणला, थिअरी पाठ करायची. तो दोन रात्री जागून वाचून आला होता. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये मांडलेलं हाय कॉन्टेक्स्ट आणि लो कॉन्टेक्स्ट, म्हणजे काही ठिकाणी अर्थ बोललेल्या शब्दांत असतो आणि काही ठिकाणी बराचसा अर्थ न बोललेल्यात असतो, कोण कोणाला कुठे बोलतंय त्यात असतो. मग डच अभ्यासक हॉफस्टेड, ज्यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या लाखावर प्रश्नावल्या तपासल्या. वाचायला उत्तमच आहे सगळं. पण हॉफस्टेडचे आकडे देशाच्या सरासरीचे आहेत, ते एकट्या माणसाला लावू नका असं ते स्वतःच बजावायचे, आणि कॉलवर समोर सरासरी बसलेली नसते, एक माणूस बसलेला असतो. शिवाय थिअरीने सुरुवात केली की पुढचा प्रश्न ठरलेला, “बरं, मग तुमचा अनुभव?” आणि आपण परत तिथेच. मी म्हटलं, वाचलंस ते डोक्यात राहू दे, तोंडातून काढू नकोस.

दुसरा पर्याय, हिरोची गोष्ट. दोन टीम्समध्ये जुंपली होती ती याने मिटवली अशी. गोष्ट झाली होती खरी, पण थोडं खोदल्यावर कळलं की मिटवली ती त्याच्या मॅनेजरने, हा कॉलवर होता. “तुम्ही नेमकं काय बोललात?” एवढ्या एका प्रश्नाने ती गोष्ट ढासळली असती. बाद.

तिसरा पर्याय मला बरा वाटला होता. एका मेलमध्ये तारीख होती ०५/०६, लिहिणाऱ्याने ५ जून म्हणून लिहिली, अमेरिकन पद्धतीने वाचणाऱ्या एकाने ६ मे म्हणून वाचली, आणि सर्व्हरची दुरुस्ती महिनाभर आधी सुरू व्हायची वेळ आली होती. त्यानंतर याने टीममध्ये नियमच केला, वर्ष-महिना-दिवस असं लिहा नाहीतर महिन्याचं नाव अक्षरात लिहा. असाच अजून एक किस्सा त्याच्याकडे होता, ब्रिटिश सहकारी ‘हाफ टेन’ म्हणाला म्हणजे साडेदहा आणि जर्मनमध्ये ‘हाल्ब त्सेन’ म्हणजे साडेनऊ, त्यात दोघं तासाच्या फरकाने कॉलवर आले. हे किस्से लोकांना आवडतात, पॅनल हसतं पण. अडचण एवढीच की एक नियम केला की प्रश्न संपतो, माणसाला स्वतःला काही बदलावं लागत नाही. मी म्हटलं, हे खिशात ठेव, दुसरं उदाहरण मागितलं तर काढ.

चौथा पर्याय तो सांगतच नव्हता. तासभर बोलून झालं, मी फोन ठेवायच्या बेतात, तेव्हा हळूच म्हणाला, “एक आहे ताई, पण त्यात चूक माझीच आहे.”

## तो प्रसंग

कॉलवर याने जपानमधल्या टेस्टिंगच्या सहकाऱ्याला विचारलं, शुक्रवारपर्यंत टेस्टिंग होईल का? पलीकडून “येस”. मग थोडी शांतता. मग, “शुक्रवार… थोडं अवघड आहे.” याने काय ऐकलं, तर येस. अवघड आहे म्हणजे जरा जोर लावावा लागेल, लावतील. ती मधली शांतता त्याला टोचली म्हणून त्यानेच घाईघाईने पुढचा मुद्दा घेतला. आणि मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या नोंदीत लिहिलं, टेस्टिंग, शुक्रवार, कन्फर्म्ड. मेल सगळ्यांना गेला, क्लायंटलासुद्धा. कोणी काही बोललं नाही.

जपानीत ‘हाय’ म्हणजे होकार असतो तसंच ‘ऐकतोय, बोला पुढे’ असंही असतं, अशी मधे मधे साद देत राहण्याला तिकडे आइझुची असा शब्दच आहे, आणि इंग्रजीत बोलताना त्या ‘हाय’चं सहज ‘येस’ होतं. ‘मुझुकाशी’, म्हणजे अवघड, हा शब्द कामाच्या बोलण्यात आला की तो पुष्कळदा सौम्य शब्दांतला नकारच असतो.

शुक्रवार आला, रिपोर्ट नाही. याने मेल टाकला, सहकाऱ्याच्या मॅनेजरला सीसी करून, आणि त्यात ओळ होती, “तुम्ही कन्फर्म केल्याप्रमाणे”. वीस मिनिटांत उत्तर आलं, दोन ओळींची अत्यंत औपचारिक माफी. आणि त्यानंतर चॅट बंद. आधी जो सहकारी चॅटवर दोन शब्दांत कळवून टाकायचा तो आता प्रत्येक गोष्ट मेलवर, मॅनेजर सीसीत. रिलीज कामाचे ६ दिवस पुढे गेलं.

तीन दिवसांनी याला राहवेना, फोन केला. अजेंडा वगैरे काही नाही. विचारलं, मी मिनिट्समध्ये जे लिहिलं होतं ते तुम्हाला बरोबर वाटलं होतं का? परत शांतता. या वेळी याने ती भरली नाही. मग तो सहकारी म्हणाला, तुम्ही लिहून सगळ्यांना पाठवलं होतं, क्लायंटसमोर मी ते खोडलं असतं तर तुम्ही चुकलात असं दिसलं असतं.

हे ऐकून मीच दोन क्षण गप्प झाले. म्हणजे तो माणूस याची अब्रू सांभाळत होता आणि याने त्यालाच मॅनेजरसमोर उभं केलं होतं.

आता पहिल्या इंटरव्ह्यूतलं ते उत्तर परत वाचा. “थेट नाही म्हणत नाहीत.” हे त्याला कुठून कळलं होतं? इथूनच. “कधी कळलं” या प्रश्नाला त्याला उदाहरण आठवलं नव्हतं असं नाही, हेच आठवलं होतं आणि ते सांगायची लाज वाटली म्हणून तोंड बंद पडलं. त्याला हे विचारलं तर आधी नाही म्हणाला, मग हो म्हणाला.

## काय ठरवलं आणि कसं केलं

हाच प्रसंग सांगायचा ठरला. त्याची भीती अशी की स्वतःची चूक सांगितली तर ते घेतील कशाला. माझं म्हणणं, चूक करून तिथेच थांबला असतास तर नसतं घेतलं. पण फोन कोणी केला?

त्यानंतर त्याने तीन गोष्टी बदलल्या होत्या, आणि गंमत म्हणजे त्या त्याला सांगण्यासारख्या वाटतच नव्हत्या. एक, होईल का असं विचारणं सोडलं, शुक्रवारपर्यंत व्हायला काय काय लागेल असं विचारायला लागला, कारण होईल का या प्रश्नाला हो म्हणणं सोपं असतं आणि काय लागेल याला हो म्हणताच येत नाही. दोन, प्रश्न विचारला की मनात दहा मोजायचे, तोपर्यंत स्वतः बोलायचं नाही. तीन, मिनिट्सचा मसुदा आधी त्या सहकाऱ्याला एकट्याला पाठवायचा, “मला असं समजलंय, कुठे चुकतोय?” असं विचारून, आणि तासाभराने मग सगळ्यांना. पुढच्या ५ रिलीजपैकी ४ वेळेवर गेले. पाचवा लांबला, पण लांबणार हे ५ दिवस आधी कळलं होतं आणि क्लायंटला तसं सांगता आलं.

मी त्याला म्हटलं, तो पाचवा नक्की सांग. पाचही वेळेवर गेले असं सांगितलं असतंस तर मी पॅनलवर असते तरी विश्वास ठेवला नसता.

मग लिहायला बसला. सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्ट हा साचा सगळ्यांनाच माहीत असतो, पण पहिला मसुदा त्याने मोठ्याने वाचला तेव्हा साडेचार मिनिटं लागली आणि त्यातली तीन नुसत्या सिच्युएशनमध्ये गेली. प्रॉडक्ट काय, टीम किती, कोण कोणाला रिपोर्ट करतं. पॅनलला यातलं काहीही नको असतं. मधे एक माणूस, एका टोकाला टेस्टिंग, एका टोकाला क्लायंट, बास. कापत कापत दोन मिनिटांच्या आसपास आणलं आणि निम्मा वेळ ‘मग मी काय केलं’ याला ठेवला.

एका गोष्टीवर आमची वादावादी झाली. मी म्हणत होते देशाचं नावच काढ, म्हणजे जपानी लोक असे असतात असं चुकूनही तोंडून जाणार नाही. तो म्हणाला, “नाव काढलं तर ते येस आणि ती शांतता कळणारच नाही, कोणीतरी आळशी माणूस होता असं वाटेल, म्हणजे त्याच्यावर परत अन्याय.” बरोबर होता तो, मी नको तेवढी सावध झाले होते. शेवटी असं ठरलं की देश एकदाच येईल, जागा म्हणून, आणि पुढे सगळीकडे ‘तो सहकारी’. ‘ते लोक’ हा शब्द पूर्ण बंद. सरावात तो शब्द आला की मी टेबलावर टकटक करायचे, पहिल्या दिवशी सात वेळा केलं.

मॉक, म्हणजे सरावाचे इंटरव्ह्यू, तीन घेतले. पहिल्यात अडखळला, दुसरा मस्त झाला, आणि मग मी एक चूक केली, तिसराही घेतला. तिसऱ्यात तो पाठ केलेलं घडाघडा म्हणत होता. “तेव्हा मला जाणवलं की” या वाक्याला दर वेळी त्याच जागी तोच दीर्घ श्वास. तो मसुदा तिथल्या तिथे फाडायला लावला आणि एका चिठ्ठीवर पाच शब्द लिहून दिले: अवघड, मिनिट्स, सीसी, फोन, पाच दिवस. इंटरव्ह्यूच्या दिवशी एवढंच समोर ठेवायचं.

## दुसरा इंटरव्ह्यू

पॅनलवर तिघं, दोघं समोर आणि एक बाई स्क्रीनवर. प्रश्न आला, पण जसा अपेक्षित होता तसा नाही आला. “समजा मीटिंगमध्ये सहकारी सगळ्याला हो म्हणतो आणि काम मात्र येत नाही. तुम्ही काय कराल?”

आता हा कल्पनेतला प्रश्न होता. इथे दोन रस्ते होते, मी असं करीन तसं करीन असं बोलत राहायचं किंवा स्वतःची गोष्ट मधे आणायची, आणि विचारलेलं सोडून भलतंच सांगतोय असं वाटण्याचा धोका पत्करायचा. त्याने विचारून टाकलं, “असं माझ्याबरोबर झालेलं आहे, तेच सांगितलं तर चालेल का?” चालेल म्हणाले. हे आम्ही कधी ठरवलेलं नव्हतं, त्याचं त्याला सुचलं, आणि खरं सांगू तर सगळ्या इंटरव्ह्यूतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, कारण गृहीत न धरता समोरच्याला विचारणं हेच तर तो उत्तरात सांगणार होता.

सांगितलं त्याने. साधारण असं:

“मी जपानमधल्या एका सहकाऱ्याला विचारलं, शुक्रवारी होईल का. तो म्हणाला, हो, आणि थोडं थांबून म्हणाला, थोडं अवघड आहे. मी फक्त हो ऐकलं. मिनिट्समध्ये कन्फर्म्ड लिहिलं. काम आलं नाही तेव्हा मी त्याच्या मॅनेजरला सीसी करून मेल केला, आणि ती माझी दुसरी चूक. त्याने चॅट बंद केलं तेव्हा मला कळलं की इथे फक्त तारीख चुकलेली नाही. मी फोन केला आणि काम कधी होणार ते विचारलं नाही, माझ्या लिहिण्यात काय चुकलं ते विचारलं.”

आणि मग ते तीन बदल, चार वेळेवर, पाचवा लांबला.

मधेच घोटाळा झाला. बोलण्याच्या भरात त्याने क्लायंटचं नाव घेतलं. स्वतःलाच कळलं, थांबला, म्हणाला, “सॉरी, ते नाव मी घ्यायला नको होतं,” आणि पुढे गेला. समोरच्या एकाने काहीतरी लिहून घेतलं, ते त्याला दिसलं, आणि ते दिसल्यावर पुढचं अर्धं मिनिट पार विस्कटलं.

मग जोडप्रश्न. पहिला, “त्या सहकाऱ्याला आम्ही विचारलं तर तो ही गोष्ट कशी सांगेल?” याची तयारी होती. “तो म्हणेल की मी घाईत असायचो, आणि नंतर जरा कमी घाईत असायचो.” हसले.

दुसरा स्क्रीनवरच्या बाईंनी विचारला आणि तो आमच्या यादीत नव्हता. “तुमच्या स्वतःच्या बोलण्यातली कुठली सवय इतरांना कळायला अवघड जात असेल?”

गप्प बसला. किती वेळ, त्याच्या मते अर्धा तास, खरं तर सात-आठ सेकंद असतील. मग म्हणाला, मी पण हो हो म्हणतो. कोणी काही सांगत असलं की हो, हो, बघतो असं माझ्या तोंडून निघतं आणि त्याचा अर्थ फक्त ऐकलं एवढाच असतो, जर्मनीतल्या क्लायंटने एकदा त्या बघतोला वचन समजून तारीख लावली होती. म्हणजे मी ज्या गोष्टीवरून त्या सहकाऱ्यावर चिडलो होतो तीच मी दुसऱ्या बाजूला करत होतो, आणि हे मला आत्ता, बोलता बोलता लक्षात येतंय.

बाई काही बोलल्या नाहीत, नुसती मान हलवली. तो म्हणतो त्याला वाटलं संपलं सगळं.

त्या शांततेबद्दल एक कबुली माझीही. पॅनलवर असताना मी एका उमेदवाराला ‘आत्मविश्वास कमी’ म्हणून २ मार्क दिले होते, कारण तो प्रत्येक उत्तराआधी बराच वेळ गप्प बसायचा. दुसऱ्या पॅनलिस्टने त्यालाच ४ दिले, ‘विचार करून बोलतो’ म्हणून. माणूस तोच, उत्तरं तीच. नंतर आम्ही शीटवर आत्मविश्वासाची ओळच काढून टाकली. तेव्हा इंटरव्ह्यू देणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्या की संस्कृतीवरचा प्रश्न विचारणारासुद्धा स्वतःच्या सवयींच्या चष्म्यातूनच बघत असतो, आणि उत्तराआधी वेळ हवा असेल तर “जरा विचार करून सांगतो” एवढं बोलून ठेवलं की शांततेचा भलता अर्थ लागत नाही.

## निकाल

नऊ दिवसांनी ऑफर आली. एचआरने फोनवर सांगितलं की पॅनलला उत्तर आवडलं, विशेषतः शेवटचं, जे आम्ही तयारच केलेलं नव्हतं. आणि हेही सांगितलं की क्लायंटच्या नावावरून एकाने ठाम आक्षेप घेतला होता, आमच्याबद्दलही हा बाहेर असाच बोलेल का म्हणून. लगेच चूक कबूल केली म्हणून निभावलं. दुसऱ्या पॅनलपुढे कदाचित निभावलं नसतं.

## परत करायचं झालं तर

नावांचं आधी बघितलं असतं. मी सगळं लक्ष ‘ते लोक’ या शब्दावर ठेवलं, टकटक करत बसले, आणि गोपनीयतेचा साधा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नाही, जो खरं तर कुठल्याही इंटरव्ह्यूत पहिला यायला हवा. सरावातच क्लायंटला ‘एक युरोपियन क्लायंट’ म्हणायची जिभेला सवय लावली असती तर ते नाव सुटलंच नसतं.

तिसरा मॉक घेतला नसता. त्याऐवजी तोच प्रसंग तीन वेगळ्या प्रश्नांना सांगायला लावला असता, कारण प्रश्न कधीच आपण पाठ केलेल्या रूपात येत नाही.

आणि त्याच्या बाजूने एक राहिलंच. शेवटी “तुम्हाला काही विचारायचंय?” म्हटल्यावर त्याने कामाच्या वेळा विचारल्या. तिथे विचारता आलं असतं की तुमच्या टीम्समध्ये मतभेद मीटिंगमध्ये बोलतात की नंतर वेगळं, कारण पाच देशांचं काम म्हणजे हे त्याला रोजच लागणार आहे. मी हे म्हटल्यावर तो म्हणाला, “तेव्हा मला फक्त बाहेर पडायचं होतं ताई.” ते पण खरंच आहे म्हणा.

त्या जपानमधल्या सहकाऱ्याला त्याने नोकरी सोडताना सांगितलं की तुमची गोष्ट मी इंटरव्ह्यूत सांगितली, नाव न घेता. त्याचं उत्तर आलं चॅटवर, मेलवर नाही.

नव्या नोकरीत पहिल्या आठवड्यातच त्याचा मला मेसेज: “ताई, आज मेलमध्ये डेडलाइन ०४/०५ आली. मे धरून निवांत बसणार होतो. विचारलं. एप्रिल निघाला.”